दार लाव रे, स्ट्रुअन

इन्व्हरगॅरन
१२ ऑगस्ट

प्रिय डॉड,

तुझं पत्र परवा पोचलं. तब्येत बरी आहे, नातवंडं डोकं खातात आणि मुलगी तुला बिअर मोजूनमापून देते, हे वाचून समाधान वाटलं. आमचंही ठीकच आहे म्हणायचं. एफीचा गुडघा दुखतो, माझी पाठ दुखते, दोघांचं एकाच दिवशी दुखलं की घरात जरा शांतता असते.

फोन कर म्हणून लिहितोस. पण फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोललो की आमच्या घरातल्या गोष्टी अख्ख्या गल्लीला कळतात. तू न्यूझीलंडच्या थंडीत काकडत बसलेला असताना इथल्या बातम्या सावकाश वाचाव्यास हेच बरं.

शनिवारी फुटबॉलचा सीझन सुरू झाला. आपल्या थिसलने परंपरा राखली, घरच्या मैदानावर तीन-शून्य हरलो. हवा मात्र सुरेख होती, समुद्राकडून वारा, स्वच्छ ऊन, आणि पॅटिसमधला खिमा चक्क खिम्यासारखा लागत होता. कठड्याजवळची तुझी जागा आम्ही कुणाला दिलेली नाही. वॅटीने मासळीचं दुकान पोराच्या हवाली केलंय, आता दिवसभर नुसती जीभ परजत असतो. तुझ्या जागेवर तो आपला सुपाचा पेला ठेवतो आणि कुणी जवळ सरकलं की म्हणतो, "इथे डॉड उभा आहे, दिसत नाही का?"

जुना गोलकीपर सोडून गेला, त्यामुळे एक नंबरचा शर्ट आमच्या स्ट्रुअनला मिळाला. लहानपणी त्याला किनाऱ्यावर वाळूत झेपा घ्यायला तू शिकवलंस, तेव्हा जे काही होईल त्यातला निम्मा दोष तुझा. घरातून निघताना एफीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मी म्हटलं, ताप नाही, कीपर आहे तो.

दुसरा गोल त्याच्या दोन पायांमधून गेला. सावकाश, एखादी म्हातारी रस्ता ओलांडते तसा. सगळं मैदान गप्प झालं. ती शांतता तुला ठाऊक आहे, कुणीतरी काहीतरी बोलायची सगळे वाट बघतात. वारा माझ्या पाठीमागून होता. मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडलो, "दार लाव रे, स्ट्रुअन, वारा येतोय!"

डॉड, लोक हसून हसून कठड्यावर वाकले. वॅटीच्या नाकातून सूप आलं. समोरच्या टीमचे बाकावर बसलेले खेळाडूसुद्धा हसत होते. एवढी वर्षं मी त्या कठड्याशी ओरडतोय, पण इतकं नेमकं कधी जमलं नव्हतं, आणि खुद्द बापानेच म्हटल्यामुळे लोकांना जास्त मजा आली. मध्यंतरात सगळी फौज नेहमीप्रमाणे मैदानाला वळसा घालून पलीकडच्या टोकाला निघाली, आपली पोरं ज्या गोलवर चढाई करणार तिकडे. वाटेत चार जणांनी माझी पाठ थोपटली. आम्ही रिकाम्या केलेल्या टोकाकडे स्ट्रुअन येत होता. मी हात केला, त्याने बहुधा पाहिला नाही.

पोरगा कसा आहे म्हणून विचारलंस. ठीक आहे. उंची तेवढीच आहे, भूक जरा कमी झाली आहे.

एफीचा नमस्कार. तिला तुझी आठवण येते म्हणे. मला तरी तसं काही दिसत नाही.

तुझा
इनिस


इन्व्हरगॅरन
२७ ऑक्टोबर

प्रिय डॉड,

फोटो मिळाला. मेंढीच्या शेजारी उभा आहेस तो तूच, हे एफीने सांगितलं म्हणून कळलं. आमची तब्येत ठीक. पाऊस आहे, वारा आहे, तो गेला की दुसरा पाऊस येतो.

आपण तळाला आहोत. नुसते खाली नाही, आपल्याखाली कुणीच नाही. असंच राहिलं तर मे महिन्यात बाहेरच्या लीगमधल्या विजेत्यांशी आपल्याला प्ले-ऑफ खेळावी लागणार, आणि ती हरलो की आपण लीगच्या बाहेर. माझ्या आजोबांनी ज्या लीगमध्ये थिसलला पाहिलं त्या लीगच्या बाहेर, डॉड. मग कुठल्यातरी कुरणावर, मेंढ्या हाकलून, खेळत बसायचं. तुला तिकडे ते आवडेल.

वॅटीने एक नवीन खूळ काढलंय. जुन्या कोठाराच्या दाराची पितळी कडी आणून त्याने कठड्याला बांधली. चेंडू स्ट्रुअनच्या जवळ गेला की तो ती खडखडवतो आणि सगळे मिळून गातात, दार लाव रे, स्ट्रुअन, वारा येतोय. चाल लावली आहे कुणीतरी, चर्चमधल्या एका भजनाची. पाद्रीसुद्धा गाताना दिसला. पोर्टडोरनला मॅचसाठी गेलो होतो तर तिथले लोकही तेच गाणं म्हणत होते. आमचं गाणं चोरलं म्हणून वॅटीला राग आला.

गावात आता लहान पोरंही म्हणतात. स्ट्रुअन ज्या मासे गोठवायच्या कारखान्यात काम करतो तिथल्या बायका तो आत आला की एका सुरात म्हणतात. मागच्या आठवड्यात एफी पाव आणायला गेली होती. गल्ल्यावरची मुलगी तिला म्हणाली, "जाताना दार लावा हं, मिसेस कारगिल." एफी पाव तिथेच ठेवून घरी आली.

मी म्हटलं, "अगं, चेष्टा केली तिने."

"ते मला कळतं."

"गावाचं प्रेम आहे ते. ज्याच्यावर प्रेम नाही त्याच्यावर गाणं कोण रचेल?"

"तू रचलंस," ती म्हणाली, "गाव नुसतं गातंय."

त्यानंतर ती मैदानावर आलेली नाही. गुडघ्यामुळे.

पोराबद्दल पुन्हा विचारलंस. तो गप्प असतो, पण कीपर गप्पच असतात, तूही होतास. मॅच झाली की परस्पर कारखान्यात जातो, जादा काम घेतो. चांगली सवय आहे. शिस्तही आली आहे त्याच्यात. घरातून निघताना दार ओढून घेतो, फाटकापर्यंत जातो, परत येतो, दार ढकलून बघतो, पुन्हा फाटकापर्यंत जातो. एफी खिडकीतून बघत असते. मी पेपर वाचतो.

शनिवारी त्याने एक पेनल्टी अडवली होती, हे वर लिहायचं राहिलं. फार छान अडवली, डावीकडे, अगदी खांबापाशी. वॅटी ओरडला, "दाराला रंग लावला वाटतं!" सगळे हसले. मीही हसलो. त्याहून मोठं कौतुक आपल्या मैदानावर कुणाचं झालंय?

तुझा
इनिस


इन्व्हरगॅरन
४ जानेवारी

प्रिय डॉड,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा तुला आणि तुझ्या घरच्यांना. इथे नवं वर्ष जुन्यासारखंच आलंय.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तर तू दर शनिवारी मॅचच्या आधी ड्रेसिंगरूमच्या मागच्या संडासात जाऊन ओकायचास. आणि आम्ही कठड्याशी उभे राहून तुला चाळणी म्हणायचो, आणि तू हसून हात वर करायचास. तो हात बघून आम्हाला आणखी चेव यायचा. अरे लेका, नंतर इतकी वर्षं माझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलास, दुसऱ्या कीपरांना माझ्याबरोबर शिव्या घातल्यास, आणि एका शब्दाने बोलला नाहीस. मला तुझा राग आला. भांडी घासताना मोठ्याने तुला शिव्या दिल्या, एफीला वाटलं मी रेडिओशी भांडतोय. मग वाटलं, तू सांगितलं असतंस तर आम्ही त्याच्यावरही काहीतरी म्हटलं असतं. त्याचीही चाल लागली असती.

एकदा त्याच्या गोलमागे जाऊन उभा राहा, असं तू लिहिलंस. म्हणून राहिलो.

नव्या वर्षाची पोर्टडोरनशी मॅच होती. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. सगळे टोक बदलायला निघाले. मी कठड्याला धरून उभाच.

वॅटी म्हणाला, "काय म्हाताऱ्या, पाय गळाले का?"

"आज इथूनच बघणार."

"इथून काय दिसणार? तुझ्या पोराची पाठ."

"तीच बघायची आहे."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी धर्म बदलला. मग कडी सोडून घेतली आणि गेला. पलीकडून पोर्टडोरनवाले आले, त्यांना आता आपल्या गोलवर चढाई करायची होती ना. बघता बघता मी त्यांच्या निळ्या मफलरांच्या मधोमध. एका धिप्पाड माणसाने विचारलं, "तू त्यांच्यातला का?" मी म्हटलं, मी इथे जवळच राहतो.

डॉड, आजवर माझा मुलगा खेळताना मी जवळून पाहिलेला नाही. आपण नेहमी पलीकडच्या टोकाला. तो मला दुरून दिसायचा, पिवळा शर्ट आणि दोन मोठे हातमोजे, धुकं असेल तर तेवढंही नाही. परवा तो माझ्यापासून जाळीइतकाच लांब होता. मान घामाने भिजलेली, एवढ्या थंडीत. आणि तो बोलत होता. चेंडू पार मधल्या रेषेवर असताना त्याचे ओठ हलत होते. मी कान दिला. दार लाव, दार लाव, दार लाव. पोर्टडोरनवाल्यांनी गाणं सुरू करायच्या आधीच तो ते म्हणत होता.

मग त्यांच्या सेंटर फॉरवर्डने अगदी जवळून मारला. तो गोलच होता. लोकांनी हातही वर केले होते. स्ट्रुअन मागे पडता पडता उलटा फिरला आणि एका हाताने चेंडू दांड्यावरून बाहेर काढला. तूसुद्धा असं कधी केलं नाहीस, खरं सांगतो. सगळं टोक गप्प झालं. तो माझ्या पुढ्यात गुडघ्यांवर होता, हात टेकून, धापा टाकत.

माझ्या तोंडात शाब्बास आलं होतं. शाब्बास, पोरा. हे मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही, माझ्या बापाने मला म्हटलं नाही. तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं सांगू? "जागा झालास वाटतं."

पोर्टडोरनवाले खदखदून हसले. धिप्पाड माणसाने माझ्या पाठीवर थाप मारली. स्ट्रुअनने आवाज ओळखला. मागे वळला, आणि मला त्या हसणाऱ्या लोकांमध्ये उभं असलेलं त्याने पाहिलं. उठला, कॉर्नरसाठी उभा राहिला, आणि त्या कॉर्नरवर गोल झाला. तो जागचा हललाच नाही.

एक-शून्य हरलो. थंडी फार आहे. स्ट्रुअन ठीक आहे.

तुझा
इनिस


इन्व्हरगॅरन
९ मार्च

प्रिय डॉड,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं.

मैदान गोठलंय. मॅचच्या सकाळी रेफरी येतो, बुटाची टाच आपटून बघतो, मान हलवतो आणि घरी जातो. मॅच रद्द. सगळ्या मॅच आता एप्रिलमध्ये एकावर एक येणार. वॅटीच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलंय. पॅटिसची किंमत वाढली आणि खिमा पुन्हा संशयास्पद झाला आहे.

मोठ्या क्लबकडून एक कीपर उसना आणलाय. सतत केळी खातो. बरा आहे.

स्ट्रुअन टीममध्ये नाही. घरातही नाही. बंदरावरच्या दोरखंडाच्या दुकानावर एक खोली घेतली आहे त्याने. एफी रोज त्याच्यासाठी सूप घेऊन जाते. तो उंबऱ्यातच भांडं घेतो, रिकामं परत देतो. कारखान्यात जातो की नाही ते तिने विचारलं नाही आणि मी तिला विचारलं नाही.

एकदा मीही गेलो होतो. जिना चढलो. वर जाऊन दारावर काय म्हणून हाक मारायची ते सुचेना. दार उघड असं म्हणायचं, आणि तेच तर म्हणता येत नाही ना आता. उतरून आलो.

तू त्याला पत्र लिहू नकोस. मी बघतो.

इनिस


इन्व्हरगॅरन
२७ मे

प्रिय डॉड,

तू सुखरूप असशील. आम्ही दोघं आहोत.

थिसल लीगमधून गेली, हे तुला कळलं असेल. जगात त्याची बातमी झाली नसेल, पण तुझ्या मुलीने कॉम्प्युटरवर शोधून सांगितलं असेल. बाकीचं तुला कुणी सांगितलेलं नसणार. गावात ते कुणी बोलत नाही. म्हणून मी लिहितो, आणि या वेळी हवेपासून सुरुवात करत नाही.

प्ले-ऑफच्या दोन मॅच. पहिली समोरच्या टीमच्या मैदानावर झाली, दोन-दोन. दुसरीच्या आधी सरावात त्या केळीवाल्या पोराचं बोट मोडलं. दुसरा कीपर आपल्याकडे एकच. मॅनेजर बंदरावरचा जिना चढून गेला आणि स्ट्रुअनला घेऊन आला. मला हे वॅटीने सांगितलं. वॅटी कुबड्यांवर आला होता, तरी कडी बरोबर होती.

एफी मला म्हणाली, "तू जाऊ नकोस."

"बाप आलाच नाही असं वाटेल त्याला."

"वाटू दे."

मी गेलो. सगळं गाव गेलं होतं. कारखाना बंद ठेवला होता, पाववाली मुलगी होती, पाद्री होता. आणि मुलगा खेळला, डॉड. फार चांगला खेळला. मी मुद्दाम सगळ्यांबरोबर लांबच्या टोकाला राहिलो, तोंड मफलरात घालून. एकही शब्द बोललो नाही. एक-एक झालं, जादा वेळेतही तसंच राहिलं, पेनल्टी मारून निकाल लावायचं ठरलं.

आता तुला ठाऊक आहे, पेनल्टीला दोन्ही टीमसाठी गोल एकच. रेफरीने नाणं उडवलं आणि गोदामाच्या बाजूचा गोल ठरला. झालं, सगळं गाव तिकडे धावलं. कुबड्यांसकट वॅटीही. गाव आपल्या कीपरच्या मागे उभं राहायची ही पहिलीच वेळ. बायका, पोरं, म्हातारे, कठड्यावर रेटून, जाळीला नाक लावून. मीही त्यांच्यात होतो. तो हातमोजे घट्ट करत आमच्याकडे चालत आला. चेहरा पांढरा होता.

आणि ते गायला लागले.

कुणी हसत नव्हतं. हे मला तुला नीट सांगायचं आहे. कुणीही चेष्टा करत नव्हतं. त्यांना त्याला बळ द्यायचं होतं आणि त्यांच्याजवळ त्याचं म्हणून एवढंच गाणं होतं. वॅटी रडत होता आणि कडी खडखडवत होता. पाद्री डोळे मिटून गात होता. दार लाव रे, स्ट्रुअन, वारा येतोय. प्रार्थना म्हणावी तसं, हळू, सगळं गाव एका सुरात. शेजारची बाई माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही का गात नाही? तुमचंच तर आहे."

मी पुढे घुसून गप्प बसा म्हणून ओरडायला हवं होतं. तेवढा दम माझ्यात होता. एरवी ओरडायला मी कधी लाजलो नाही.

पहिली पेनल्टी आली. स्ट्रुअन मधोमध उभा होता, हात खाली सोडलेले. चेंडू त्याच्या डावीकडून आत गेला, त्याने बघितलंही नाही. दुसरी उजवीकडून. तिसरी तर सरळ त्याच्या खांद्यावरून. तो हलला नाही. डाइव्ह नाही, पाऊल नाही, हात वर नाही. तिसऱ्या गोलनंतर गाणं एकेकाच्या तोंडात विझत गेलं. चौथीला कुणीच गात नव्हतं, तरी तो तसाच उभा. आपल्या पोरांनी दोन चुकवल्या होत्या, तेवढं त्यांना पुरलं.

त्यांचे लोक नाचत मैदानात आले. आमचं गाव जागच्या जागी उभं. स्ट्रुअनने हातमोजे काढले, गोलच्या खांबाशी एकावर एक नीट ठेवले, आणि ड्रेसिंगरूमकडे न जाता गोदामाच्या फाटकातून बाहेर पडला. सगळ्यांनी त्याला वाट करून दिली. तो माझ्या शेजारून गेला. मी हात पुढे केला आणि मागे घेतला.

धक्क्यापलीकडचा तो काळा खडक, तिथे भरती लागली की परत यायला वाट उरत नाही, हे गावातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. तो तिथे जाऊन बसला. खेळायच्या कपड्यांत. पाणी चढत होतं आणि तो बसून होता. बंदरावरून कुणीतरी पाहिलं आणि बचावाची बोट गेली. वॅटीचा पोरगा होता बोटीवर. त्याने सांगितलं, पाणी कमरेच्या वर आलं होतं. त्यांनी हाका मारल्या तर त्याने ओळख दाखवली, पण उठला नाही. दोघांनी उतरून काखेत हात घालून त्याला उचललं. बोटीत बसवल्यावर तो त्यांना म्हणाला, "तुम्हाला उगीच त्रास."

दुसऱ्या दिवशी वॅटी आमच्या दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही. टोपी काढून उभा.

"इनिस, आम्ही त्याच्या बाजूने गात होतो रे."

"माहीत आहे."

"मला वाटायचं त्याला आवडतं. हसायचा ना तो."

"कीपर हसतात," मी म्हटलं. मग तो बराच वेळ तिथे रडला आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला मी काय बोलणार?

स्ट्रुअनला शहरातल्या हॉस्पिटलात ठेवलंय. अंगाला काही झालेलं नाही. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल, किती ते सांगत नाहीत. एफी आणि मी रोज बसने जातो. ती आत जायची, मी बाहेर बाकावर बसायचो, कारण त्याने मला बोलावलं नव्हतं. घरी येताना ती मला सांगायची, आज अंडं खाल्लं, आज खिडकीपाशी बसला होता. मैदानाचं नाव तो काढत नाही. ती खिडकीबाहेर बघत बोलते, माझ्याकडे नाही. आमचं एवढंच बोलणं होतं सध्या.

काल ती बाहेर आली आणि म्हणाली, "जा. चालेल म्हणाला."

काय बोलायचं ते मी कधीचं ठरवून ठेवलं होतं. बसमध्ये मनातल्या मनात म्हणायचो, मफलरात तोंड घालून, रोज. साधंच वाक्य. त्यात विनोद कुठूनही शिरणार नाही असं मी ते चारी बाजूंनी तपासलं होतं. आत गेलो. तो पलंगावर बसला होता, दाढी वाढलेली. स्टूल होतं, त्यावर बसलो, आणि घोटाळा व्हायच्या आत म्हणून टाकलं.

"स्ट्रुअन, तू फार चांगला कीपर आहेस. आणि मुलगा म्हणूनही चांगला आहेस."

म्हटलं, डॉड. अडखळलो नाही. आवाजही नीट निघाला.

त्याने माझ्याकडे पाहिलं. खांदे वर ओढून घेतले, हनुवटी छातीला लावली, जवळून कुणी चेंडू मारणार असेल तर तू त्याला शिकवलं होतंस तसं.

"हं," तो म्हणाला. "आणि?"

"आणि काय?"

"पुढचं बोला ना, बाबा. मी तयार आहे."

"पुढे काही नाही रे."

"असं कसं? असेलच काहीतरी." त्याने हसायचा प्रयत्न केला. "बोलून टाका. हसेन मी."

मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं. मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी तो मान हलवायचा आणि थांबायचा, खांदे तसेच वर. मी त्याचा हात धरायला गेलो तर तो दचकला. मग तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत बसला. नर्स येऊन वेळ संपली म्हणाली. दारातून मी वळून पाहिलं, त्याने खांदे खाली घेतलेले नव्हते.

आज पुन्हा गेलो. आजही तसंच.

खरं बोललेलं त्याला खरं वाटावं, असं कसं बोलायचं ते मला येत नाही. या गावात ते कुणालाच येत नाही, मी सगळ्यांचे चेहरे आठवून पाहिले. तुला येत असेल तर लिही. नसेल येत तर तसंही लिही, पण त्यात काही गमतीचं घालू नकोस.

स्ट्रुअनचा बाप,
इनिस